पीठ : भाकरीचे आणि नैवेद्याचे

रोजचे : माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत ज्वारी-बाजरीचे पीठ. ज्वारीत ग्लुटेन नसते. म्हणून पीठ गरम पाण्यात मळून भाकरी थापतात. गव्हाची कणीक चिवट, ती लाटता येते. बाजरीत स्निग्धांश जास्त, पीठ लवकर कडू होते. दळण थोडे-थोडेच करतात.

सणाचे :
- आषाढ अमावस्या : कणीक-गुळाचे उकडलेले दिवे. पूजेनंतर तेच तुपाबरोबर खायचे.
- भोगी : तीळ लावलेली बाजरीची भाकरी.
- चंपाषष्ठी (मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी) : खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. कराड तालुक्यातील पाल हे त्याचे प्रसिद्ध ठाणे.

बायबलमधले : गहू महाग, जव स्वस्त, गरिबाची भाकर जवाची. अन्नार्पणात सपीठ, तेल व धूप. खमीर आणि मध वेदीवर वर्ज्य. मूठभर सपीठ जाळून उरलेले याजकांना. पारव्यांची जोडीही न परवडणाऱ्याला पापार्पणासाठी एफा या मापाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे 2 लिटर, सपीठ चाले. त्यात तेल-धूप नाही. घरातले जाते, किंवा त्याची नुसती वरची तळीसुद्धा, गहाण घेण्यास ‘अनुवाद’ या पुस्तकात (24:6) मनाई आहे.