स्वतःच्या स्तनांची ओळख

स्तनातील कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. यास्तव आपले स्तन एरवी कसे असतात, हे प्रत्येक स्त्रीने जाणून घ्यावे. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी आरशासमोर आकार, त्वचेवरील खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र पाहावे. मग आडवे होऊन मधल्या तीन बोटांच्या पेरांनी काखेपर्यंतचा भाग चाचपावा. चिमटीत धरू नये. तसे केल्यास निरोगी भागही गाठीसारखा लागतो.

मात्र केवळ यावर विसंबणे योग्य नाही. शांघायमध्ये सुमारे २,६६,००० कामगार स्त्रियांच्या अभ्यासात (२००२) ही पद्धत शिकवूनही मृत्यू घटले नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांतील निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी हाताने करीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयात तसा लाभ दिसला नाही. शिकलेल्या हाताचे मोल यावरून कळते.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तथापि नवी गाठ, खळी अथवा रक्तमिश्रित स्राव आढळल्यास डॉक्टरांकडे जाण्यासाठी पुढच्या पाळीची वाट पाहू नये.