सहा महिने निरोगी असलेल्या बाळाला सिकलसेल कुठून येतो?

नाकाडोंगरीची एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आली होती. बाळाच्या दोन्ही हातांची बोटे आणि पावले सुजली होती, हात लावला की ते कळवळून रडत होते. रक्त तपासले तेव्हा सिकलसेल निघाला. निदान ऐकून आजीने विचारले, ‘‘डाक्टरसाहेब, पोरगा सा महिने एकदम बेस होता जी. मंग काऊन असा झाला? कोनाची नजर त नाई लागली?’’ नजरेचे ती बोलली खरी, पण तिचा रोख सुनेवर होता. सुनेच्या दुधातच दोष आहे असे ठरवून तिने सहाव्या महिन्यातच बाळाचे अंगावरचे दूध तोडायला लावले होते.

प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. आजार जन्मापासूनचा, आईबापाकडून आलेला. मग तो सहा महिने कुठे दडून बसला? त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती, म्हणून दोन वाक्यांत उत्तर दिले. पुरते उत्तर आज देतो, कारण भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात हा प्रश्न अनेक घरांत आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले ते 1958 साली. हा आजार कुणा एका जातीचा नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

शेताचा सातबारा पूर्वी कसा मिळायचा ते आठवा. मूळ दप्तर कचेरीबाहेर जात नसे. आपल्याला मिळायची ती नक्कल. शरीरातही तसेच आहे. पेशीच्या केंद्रात डी.एन.ए.चे दप्तर असते. त्यात सुमारे 20 हजार प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या आहेत. एकेका कृतीला जनुक म्हणतात. हवे त्या पानाची नक्कल काढून बाहेर पाठवली जाते आणि तीवरून प्रथिन तयार होते. डोळ्याच्या पेशीत आणि हाडातल्या मगजाच्या पेशीत दप्तर एकच, पण हिमोग्लोबिनचे पान उघडते ते मगजातच. म्हणजे सारे महत्त्व कोणते पान केव्हा उघडते याला आहे.

नक्कल उतरवणाऱ्या कारकुनाचे नाव आर.एन.ए. पॉलिमरेज. हा स्वतः 12 प्रथिनांचा मिळून बनलेला असतो, पण एकट्याला त्याला कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकात नक्कल जिथून सुरू होते त्याच्या साधारण 30 अक्षरे आधी एक खूण असते. प्रथिनांचा एक जथा, त्याचे नाव टी.एफ. टू-डी, ती खूण ओळखून तिथे बसतो. त्यातले एक प्रथिन डी.एन.ए.वर खोगिरासारखे बसते आणि तिथे डी.एन.ए. चक्क वाकतो. मग एकामागून एक बाकीचे पंच जमतात, कारकुनाला जागेवर बसवतात. शेवटी येणारा जथा डी.एन.ए.चे दोन पदर उलगडतो आणि कारकुनाला पुढे सरकण्याची मोकळीक देतो. या यंत्रणेचे बारकावे दाखवल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्ग यांना 2006 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

एवढ्यानेही काम जोरात सुरू होत नाही. हिमोग्लोबिनच्या पानांना हुकूम देणारी जागा जवळजवळ 50 हजार अक्षरे दूर आहे. दोरीचा फास व्हावा तसा डी.एन.ए. वळतो, लांबची जागा पानाला येऊन भिडते, आणि दोन्हींमध्ये बोलणी घडवतो प्रथिनांचा आणखी एक मोठा जथा. त्याचे नावच मीडिएटर, म्हणजे मध्यस्थ. कचेरीत एका सहीसाठी चार टेबले फिरावी लागतात याचा आपल्याला राग येतो. पेशीत मात्र हेच चार टेबलांचे कामकाज शिस्तीने होते, म्हणून तर मगज दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी तयार करू शकतो.

नक्कल सुरू करण्याच्या त्या खुणेतले एखादे अक्षर जरी चुकले तरी पंच नीट बसत नाहीत. कृती बरोबर असूनही नकला कमी निघतात आणि काही घरांत थॅलेसेमिया होतो तो यामुळे. सिकलसेलमध्ये गोष्ट उलटी आहे. इथे खूण ठीक, पंच ठीक, पण कृतीतच एक अक्षर चुकलेले. कारकून बिचारा इमानाने चुकीचीच नक्कल उतरवत राहतो.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. हिमोग्लोबिनसाठी दप्तरात एकाच ठिकाणी लागून अनेक पाने आहेत. बाळ पोटात असते तेव्हा लांबचा हुकूम गॅमा नावाच्या पानाला मिळतो आणि गर्भाचे हिमोग्लोबिन बनते. या पानात चूक नाही. जन्माच्या सुमारास हुकूम बीटा नावाच्या पानाकडे वळू लागतो आणि बी.सी.एल. 11-ए नावाचे प्रथिन गॅमाच्या पानाला कुलूप लावते. चुकलेले अक्षर आहे बीटाच्या पानात. पहिले काही महिने जुना चांगला साठा बाळाला सांभाळतो. सहाव्या महिन्याच्या आसपास तो बराचसा संपतो, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकू लागतात आणि बोटे सुजतात. सुनेच्या दुधाचा यात काडीचाही संबंध नव्हता. दूध तोडल्याने बाळाचे नुकसानच झाले.

मग ते कुलूप पुन्हा उघडता येईल का? थोडेफार येते. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने गर्भाच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते, आणि दुखण्याचे झटके कमी होतात. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्तपेशी मोजूनच घ्यायची असते. शेजारच्याची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नये. गरोदरपणात ती चालत नाही, म्हणून दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने एका नव्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मगजाच्या पेशी बाहेर काढून, बी.सी.एल. 11-ए बनवण्याचा हुकूम ज्या जागेवरून निघतो ती जागा कापतात आणि पेशी परत देतात. कुलूपच तयार होत नाही. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठेवली गेली. सध्या तरी आपल्या घरांसाठी गोळीच खरी.

आजीला मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तिला आवडली नाही. बाळाला हा आजार होण्यासाठी चुकलेले पान आई आणि बाप दोघांकडून यावे लागते. म्हणजे सुनेइतकाच वाटा तिच्या स्वतःच्या मुलाचा होता. दोघांचे रक्त तपासले, दोघेही वाहक निघाले. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून कळत नाही. असे जोडपे असेल तर दर खेपेला बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. पहिले आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. सून पुन्हा गरोदर राहिली तर तिसऱ्या महिन्यातच गर्भाची तपासणी करता येते, तेव्हा दिवस गेल्याचे कळताच यावे, असे तिला सांगून ठेवले आहे.

बाळाला फॉलिक ॲसिड आणि पेनिसिलिन सुरू केले, लसी पूर्ण करून घेतल्या. ताप आला, पोट एकाएकी फुगले किंवा बाळ पांढरेफटक दिसू लागले तर रात्र न काढता दवाखाना गाठायचा, हे मी आजीकडून तीनदा म्हणवून घेतले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘‘समजला जी, आता सुनेले बी सांगा.’’ सून दाराशीच उभी होती.