मॅगसल्फ, हातोडी आणि सिस्टर

बीपी वाढलेल्या गरोदर बाईच्या खाटेपाशी सिस्टर छोटी रबरी हातोडी घेऊन येते आणि गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकते. पाय उडाला, तर पुढचे इंजेक्शन भरायला घेते. नाही उडाला, तर सिरिंज बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलावते. नातेवाईक बुचकळ्यात पडतात. बीपीचा आणि गुडघ्याचा काय संबंध?

संबंध आहे तो औषधामुळे. या बाईला असतो प्रीएक्लॅम्प्सिया हा गरोदरपणातला आजार. तो साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतर होतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो, बहुतेकदा लघवीतून प्रथिने जातात. आजाराचे मूळ वारेत असते. त्याचा त्रास मेंदूपर्यंत पोचला, की झटके येतात. हाच एक्लॅम्प्सिया. तो टाळायला मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे वॉर्डातले ‘मॅगसल्फ’, देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या सुमारे १० हजार स्त्रिया होत्या. मॅगसल्फमुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला.

पण रक्तात ते जास्त साठले, तर जिवावर बेतते. आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास मंदावतो, शेवटी हृदयही थांबू शकते. श्वासाआधी गुडघा इशारा देतो, म्हणून हातोडी. मॅग्नेशियम बाहेर पडते ते लघवीवाटे आणि या आजारात मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. म्हणून सिस्टर लघवीची पिशवीही मोजते. तासाला ३० मिलिलिटरहून कमी लघवी किंवा मिनिटाला १६ पेक्षा कमी श्वास दिसला, तर पुढचा डोस थांबतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशीच ठेवलेले असते. रक्तातले मॅग्नेशियम तपासायची सोय नसलेल्या रुग्णालयातही एवढ्या देखरेखीवर हे औषध सुरक्षितपणे देता येते.

‘बाळंत झाली, म्हणजे सुटली’ असे घरचे धरून चालतात. झटके मात्र प्रसूतीनंतरही येऊ शकतात, म्हणून मॅगसल्फ पुढे २४ तास चालू राहते, आणि बीपी मोजणे त्यानंतरही. घरी गेल्यावर डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगड्यांखाली दुखणे हे पित्त समजून अंगावर काढू नये. झटका आलाच, तर बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवत बसू नका. आधी १०८ला फोन करा.