विश्वरूपापुढील स्तुति

श्रोतेहो, सामर्थ्यापुढें केलेली स्तुति आणि खुशामत यांत भेद कोणता? गीतेचा अकरावा अध्याय याचें उत्तर देतो. त्याच्या ५५ श्लोकांपैकीं पंधराव्यापासून अर्जुनाची स्तुति सुरू होते. वृत्तही तेथेंच पालटतें, अनुष्टुभ् जाऊन त्रिष्टुभ् येतें. अर्जुन थरथरतो, तरीही ‘आपण कोण?’ असें तो त्या उग्र रूपासच विचारतो. सख्यत्वानें केलेल्या थट्टेची क्षमा मागतो आणि अखेर पूर्वींच्या सौम्य रूपाचीच याचना करतो. खुशामत करणारा सामर्थ्याकडे लाभ मागतो. अर्जुन ओळख मागतो. ज्ञानेश्वरांनीं येथें शांतरसाच्या घरीं अद्भुतरस पाहुणा आल्याचें म्हटलें आहे. पाहुणा निघून जातो, घर मागें राहतें. स्तुतीचा आरंभ विस्मयांत होतो. तिची पूर्तता मात्र प्रेमांत होते.