श्रेष्ठीच्या घरचा राजपुत्र आणि छंदाविना काव्य

लासूर स्टेशनच्या जैन कुटुंबांना वेरूळ परके नाही. तेथील ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी राष्ट्रकूटकाळाशी निगडित आहेत. त्याच राजवटीत आचार्य गुणभद्रांनी ‘उत्तरपुराण’ रचले व त्यात जीवंधरस्वामींची कथा सांगितली.

पुढे वादीभसिंहसूरींनी ती कथा दोनदा लिहिली: ‘क्षत्रचूडामणी’त अनुष्टुभ छंदात आणि ‘गद्यचिंतामणी’त छंदाविना. दोन्हीकडे लंब अकराच. एकाच कवीने एकच कथा पद्यात आणि गद्यात सांगावी, हा योग विरळा. गद्यकाव्य पश्चिमेकडून आले, रवींद्रनाथांच्या १९१२च्या इंग्रजी ‘गीतांजली’ने ते रुजवले, असे मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावे. दंडीने तर काव्याचे गद्य, पद्य व मिश्र असे भेद केव्हाच सांगून ठेवले होते.

व्यापारी घरांना ही कथा विशेष जवळची वाटावी. मंत्री काष्ठांगार राज्य बळकावतो. गर्भवती राणी विजया मयूरयंत्रातून निसटते आणि स्मशानात प्रसूत होते. तेथे गंधोत्कट श्रेष्ठी स्वतःचे मृत अर्भक घेऊन आलेला असतो. राजपुत्राला उचलून तो घरी परततो आणि पत्नी सुनंदेवर रागावतो: जिवंत बाळाला मृत कसे म्हटलेस! ती माउली ते बाळ आपलेच मानून हृदयाशी धरते. एका बापाने आपले दुःख गिळून बोललेले हे खोटे आहे. सत्यव्रताच्या तराजूत ते कसे तोलावे, हे वाचकाने ठरवावे.

‘क्षत्रचूडामणी’ला येथे रेंगाळता येत नाही. तेथे श्लोकाच्या अर्ध्यात कथा आणि अर्ध्यात बहुधा नीतिवचन. घटना घडते न घडते तोच उपदेश येतो. पाठांतराला ते उत्तम, म्हणूनच पाठशाळांत तो ग्रंथ रुळला. गद्याला ही घाई नाही. बाणभट्टाच्या वळणाचे दीर्घ समास, एका क्रियापदासाठी ताटकळणारे वाक्य, लाटेवर लाट यावी तशी विशेषणे, यांतून शोक साचत जातो. नाद आहे, पण यती नाही. अलंकारांचा भार काही ठिकाणी जड होतो, हेही खरे.

हरिचंद्रांनी ‘जीवंधरचंपू’त गद्य व पद्य एकत्र गुंफले. मराठीत जिनसागरांनी ही कथा ओवीबद्ध केली. चातुर्मासात घरी वाचनाला बसताना दोन्ही ग्रंथांचे पहिले लंब अर्थासह शेजारी ठेवावेत, आणि गद्य मोठ्याने वाचावे.