पैसा बोलतो, पण कोणाच्या आवाजात?

आजचा प्रश्न सरळ आहे: निवडणुकीत पैसा ओतणं हे भाषणस्वातंत्र्य आहे का?

अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणतं, बऱ्याच अंशी हो. 1976 च्या बकली खटल्यात त्यांनी प्रचारखर्चावरची मर्यादा उडवली. युक्तिवाद असा, की पत्रक छापायलाही पैसा लागतो; खर्च अडवला की बोलणं अडतं. 2010 मध्ये उमेदवारापासून स्वतंत्र केलेल्या प्रचाराची हीच मोकळीक कंपन्यांनाही मिळाली.

आपल्याकडे 2022 पासून जळगाव, रावेर किंवा धुळ्याच्या लोकसभा उमेदवाराला 95 लाखांची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पुढच्या दाराला पासवर्ड, मागचं दार सताड उघडं.

आता निवडणूक रोखे घ्या. 2018 पासून स्टेट बँक ते विकायची, सगळ्यात मोठा 1 कोटीचा. कोणी कोणाला दिला, ते मतदाराला कळायचं नाही. समजा, रावेरकडे केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुराला रोज 400 रुपये मिळतात. एकही सुट्टी न घेता, एक रुपयाही न खाता, तो एक रोखा घ्यायला त्याला 68 वर्षं लागतील. मत मात्र दोघांचं एकच.

मार्क्सचा मुद्दा नेमका हाच आहे. ज्यांच्याकडे उत्पादनाची साधनं, त्यांच्याच हातात विचार पसरवायची साधनंही जातात. कायद्याने माईक सगळ्यांचा. पण मंडप, स्पीकर आणि जनरेटर एकाच्याच मालकीचे. मग हक्क समान असून आवाज समान कसा होणार?

हे फक्त मार्क्सवाद्यांनाच दिसतं असंही नाही. 1957 मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देण्याची मुभा हवी होती. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ती दिली, कारण कायदा आडवा येत नव्हता. पण अशा पैशाने लोकशाहीचा गळा आवळला जाऊ शकतो, असंही त्यांनी बजावलं.

15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने रोखे घटनाबाह्य ठरवले. याचिकाकर्त्यांमध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षही होता. गंमत बघा, आधार अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच होता, पण दुसऱ्या टोकाने: मतदाराला माहिती मिळण्याचा हक्क.

मग साधनं सरकारकडे दिली की झालं? नाही ना! सोव्हिएत युनियनमध्ये छापखाने सरकारचे झाले आणि विरोधी आवाजच बंद पडला. नुसता मालक बदलून भागत नाही.

कोर्टाच्या निकालाने आपल्याला देणाऱ्यांची नावं मिळाली, समान आवाज अजून मिळालेला नाही. पण नावं कळणं ही सुरुवात आहे. पुढच्या वेळी फोनवर नेत्याची जाहिरात आली, की मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत शोधा. पैसे कोणी भरले, साधारण किती, ते तिथे दिसतं. आधी ते बघा, मग फॉरवर्ड करा.