मोजायचं कशासाठी? पाणी, वीज आणि कामगिरीचे निर्देशक

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे हे आम्ही आधीच कबूल करतो. ‘कामगिरीचे निर्देशक’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या आढावा बैठका, तक्ते आणि चहाचे कप. पण हा विषय खरं तर आपल्या नळापाशी आणि मीटरपाशी येऊन थांबतो. म्हणून सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. तुमच्या गावचा पाणीपुरवठा चांगला आहे का, असं विचारलं तर तुम्ही काय उत्तर द्याल?

बहुतेक जण म्हणतील, ‘बरा आहे’ किंवा ‘काही खरं नाही’. हेच नगरपालिकेला विचारलं तर उत्तर येईल, ‘यंदा इतके किलोमीटर नवी जलवाहिनी टाकली, इतके कोटी खर्च केले.’ दोन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात, पण दोन्हींवरून काही ठरवता येत नाही. पहिल्यात मोजमाप नाही. दुसऱ्यात मोजमाप आहे, पण ते कामाचं आहे, सेवेचं नाही. पाइप टाकला, पण त्यातून पाणी किती जणांपर्यंत, किती वेळ आणि कितपत स्वच्छ पोहोचलं? निर्देशक हवा तो या प्रश्नासाठी.

आपल्याकडे याची एक चौकट आहे. २००८ साली केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरांच्या सेवांसाठी मानकं ठरवून दिली. पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा अशा चार सेवा आणि त्यांचे मिळून २८ निर्देशक. त्यांपैकी पाणीपुरवठ्याचे नऊ: किती घरांना थेट जोडणी आहे, दरडोई रोज किती लिटर मिळतं, किती जोडण्यांना मीटर आहे, किती पाण्याचा महसूल येत नाही, पाणी दिवसातले किती तास असतं, तपासलेल्या नमुन्यांपैकी किती योग्य निघतात, तक्रारी किती वेळेत सुटतात, खर्च वसूल होतो का आणि बिलांची वसुली किती. प्रत्येकापुढे मानकही आहे. दरडोई १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, बिनमहसुली पाणी २० टक्क्यांपर्यंत, वगैरे.

या चौकटीतली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. प्रत्येक आकड्याला विश्वासार्हतेची श्रेणी द्यायची असते, ‘अ’पासून ‘ड’पर्यंत. म्हणजे आकडा काय आहे एवढंच नाही, तर तो मोजून आलाय की अंदाजाने, हेही सांगायचं. ज्या गावात पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी मीटरच नाही, तिथे ‘गळती ३२ टक्के’ असं कोणी सांगितलं, तर आपण नम्रपणे विचारायचं, ‘साहेब, हा आकडा आला कुठून?’

आता एक हिशेब करून बघू. आकडे काल्पनिक आहेत, समजण्यापुरते. समजा एका शहरात रोज १० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध होऊन बाहेर पडतं आणि त्यातल्या ६ दशलक्ष लिटरचं बिल होतं. उरलेलं ४ दशलक्ष, म्हणजे ४० टक्के, बिनमहसुली. याला सरसकट ‘गळती’ म्हणायची आपल्याला सवय आहे. पण यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फुटलेल्या पाइपातून जमिनीत मुरलेलं पाणी ही खरी गळती. बेकायदा जोडणी आणि बंद पडलेला मीटर ही कागदावरची गळती, कारण पाणी कोणीतरी वापरलंच आहे. आणि तिसरं, आग विझवायला वगैरे दिलेलं, बिल न होणारं पण अधिकृत पाणी. पहिल्यावर उपाय प्लंबरचा, दुसऱ्यावर मीटर खात्याचा. दोन्ही एका टोपलीत टाकले तर कोणालाच काम नेमून देता येत नाही.

पुढच्या वर्षी त्या शहरात एक मोठा कारखाना आला. तो रोज ६ दशलक्ष लिटर घेतो आणि बिल चोख भरतो. आता उत्पादन १६, बिल १२, तोटा तोच ४. टक्केवारी किती झाली? २५! चाळीसवरून पंचवीस. सत्कार व्हायला हरकत नाही, नाही का? पण एकही गळका सांधा कोणी दुरुस्त केलेला नाही. म्हणून नुसत्या टक्केवारीवर विसंबायचं नाही. त्या शहरात २०,००० जोडण्या असतील, तर तोटा प्रत्येक जोडणीमागे रोज २०० लिटर आहे. कारखान्याची एक जोडणी वाढल्याने हा आकडा जवळपास जागचा हलत नाही. जो निर्देशक काम केल्याशिवाय सुधारत नाही, तो चांगला.

दुसरा सापळा सरासरीचा. एक लाख वस्तीचं गाव घ्या. टाकीजवळच्या ४० हजार लोकांना रोज २०० लिटर मिळतं आणि शेवटच्या टोकाच्या ६० हजारांना ९० लिटर. सरासरी १३४ येते. मानक १३५. तक्त्यात हे गाव जवळजवळ उत्तीर्ण! आणि गावातली बहुसंख्य माणसं मात्र मानकाच्या खूप खाली.

इथे आमचा एक अनुभव सांगतो. गावाचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. तिथल्या अहवालात लिहिलं होतं, ‘पुरवठा: दररोज दोन तास.’ आम्ही पाइपलाइनच्या शेवटच्या वस्तीत गेलो. तिथल्या एका ताईंच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय होतं. आपल्याकडे त्यावर दुधाचा हिशेब लिहितात, या ताई पाण्याचा लिहीत होत्या. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पाणी आल्याची वेळ आणि किती हंडे भरले त्याचा आकडा. महिन्यातले नऊ चौकोन रिकामे होते. बाकीच्या दिवशी पाणी पहाटे साडेतीन-चारला, वीस-पंचवीस मिनिटं. त्या म्हणाल्या, ‘मुलगी दहावीला आहे हो. ती उठते पाण्याला, कारण मला सकाळी कामावर जायचं असतं.’

नगरपालिका खोटं बोलत होती का? नाही. टाकीचा व्हॉल्व्ह खरंच दोन तास उघडा असायचा. त्यांनी टाकीवर मोजलं, ताईंनी नळावर मोजलं. तिथल्या अभियंत्यांनी ते कॅलेंडर बघितलं, दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, ‘आम्ही इथे कधी मोजलंच नाही.’ पुढे त्या भागासाठी व्हॉल्व्हच्या वेळा वेगळ्या केल्या आणि शेवटच्या चार घरांपाशी दाब मोजायला सुरुवात झाली. नवी योजना नाही, नवा निधी नाही. फक्त मोजायची जागा बदलली. सगळं सुरळीत झालं असं आम्ही म्हणणार नाही, पण पाणी पहाटेऐवजी सकाळी सहाला येऊ लागलं. त्या मुलीच्या दृष्टीने हाच निर्देशक.

आता मोठं उदाहरण बघू. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. वर्षानुवर्षांच्या युद्धाने आणि ख्मेर रूज राजवटीने तिथली व्यवस्था मोडून पडली होती. १९९३ मध्ये एक सोन चान यांनी तिथल्या जलप्राधिकरणाची सूत्रं घेतली, तेव्हा बिनमहसुली पाणी सुमारे ७२ टक्के होतं, बिलांची वसुली निम्म्याच्या आत आणि पाणी दिवसाला दहाएक तास. दर हजार जोडण्यांमागे कर्मचारी होते सुमारे २२. पुढच्या साधारण पंधरा वर्षांत बिनमहसुली पाणी दहा टक्क्यांच्या खाली आलं, पुरवठा चोवीस तास झाला, वसुली जवळपास पूर्ण होऊ लागली आणि हजार जोडण्यांमागे कर्मचारी चारच्या आसपास आले. चान यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे कसं झालं? ग्राहकांची यादी घरोघर जाऊन नव्याने केली. प्रत्येक जोडणीला मीटर बसवला. पाण्याचं जाळं विभागांत तोडून प्रत्येक विभागात किती पाणी शिरतं आणि किती बिल होतं हे वेगवेगळं मोजलं. मग कुठला विभाग गळतो हे आपोआप दिसतं आणि त्या विभागाच्या पथकाला जाब विचारता येतो, बक्षीसही देता येतं. आणि बड्यांना सूट नाही. एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला गेल्यावर चान यांच्यावर पिस्तूल रोखलं गेलं होतं, ते मागे हटले नाहीत. आकड्यामागे अशी माणसं उभी राहिली तरच आकडा हलतो, हे लक्षात ठेवू या.

आता उलट बाजू. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडलं. त्याचा आजचा प्रचलित अर्थ असा की एखादं माप हेच उद्दिष्ट बनलं की ते चांगलं माप राहत नाही. उदाहरण घरचंच घ्या. ‘तक्रार चोवीस तासांत निकाली काढा’ असा नियम केला, की तक्रारी चोवीस तासांत ‘बंद’ होतात. मोबाइलवर संदेश येतो, ‘आपली तक्रार सोडवली आहे’, आणि समोर दिवा तसाच बंद! कर्मचारी वाईट असतात असं नाही. त्याच्या साहेबाने विचारलेला प्रश्नच ‘बंद झाली का’ हा आहे, ‘सुटली का’ हा नाही.

यावर उपाय म्हणजे जोडीचे निर्देशक. किती तक्रारी वेळेत बंद झाल्या, याच्या शेजारी किती तक्रारी महिन्याभरात पुन्हा आल्या हे ठेवायचं. आणि बंद झालेल्यांपैकी काही ग्राहकांना दुसऱ्याच कोणीतरी फोन करून विचारायचं.

वीजपुरवठ्यात अशी जोडी रूढ आहे, सैफी आणि सैदी. पहिला सांगतो की सरासरी ग्राहकाची वीज वर्षात किती वेळा गेली, दुसरा सांगतो एकूण किती वेळ गेली. समजा एका फीडरवर १,००० ग्राहक आहेत आणि ३०० जणांची वीज एकदा दोन तास गेली. सैफी होईल ०.३ आणि सैदी ३६ मिनिटं. दोन्ही का हवेत? कारण उपाय वेगळे आहेत. वीज वारंवार जात असेल तर फांद्या छाटा, जुने इन्सुलेटर बदला. कमी वेळा जाते पण तासन्‌तास येत नाही, तर बिघाड शोधायची यंत्रणा, लाइनमनची संख्या आणि त्याच्याकडची गाडी बघा. निर्देशक उपायाकडे बोट दाखवतो, ते असं.

मग संस्थेने करायचं काय? आमच्या मते पाच गोष्टी. एक, निर्देशक थोडे ठेवा, आठ-दहा पुष्कळ झाले. दोन, प्रत्येकाची व्याख्या लिहून ठेवा: काय मोजलं, कुठे, कोणी, किती वेळा. तीन, प्रत्येकाला एक जबाबदार माणूस हवा आणि तो आकडा हलवण्याचे अधिकारही त्याच्याकडे हवेत. व्हॉल्व्हमनला पाणी का कमी आलं विचारायचं आणि वेळापत्रक मात्र दुसऱ्याने ठरवायचं, हे चालणार नाही. चार, तुलना आधी स्वतःच्या मागच्या वर्षाशी करा, मग शेजारच्या शहराशी. चढावरचं गाव आणि सपाटीवरचं गाव यांचा वीजखर्च सारखा कसा येईल? पाच, खराब आकडा सांगणाऱ्याला शिक्षा करू नका. पहिल्या बैठकीत शिक्षा झाली, की दुसऱ्या बैठकीपासून सगळे आकडे गोंडस येतात.

आणि आपण नागरिकांनी? वॉर्डाच्या सभेत ‘पाणी नाही’ एवढंच म्हणू नका. महिनाभर वेळ लिहून ठेवा, दहा घरांनी मिळून लिहा आणि तो कागद पुढे ठेवा. त्या ताईंनी कुठलंही प्रशिक्षण घेतलं नव्हतं. त्यांच्याकडे एक कॅलेंडर होतं, एक पेन होतं आणि मोजायची जागा बरोबर होती.

वेळ संपत आली आहे, इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.